नाव पाकिटात, पैसे बँकेत

पंचवीस लाख ही मोठी अडनिडी रक्कम आहे. हॉस्पिटल बांधायला ती पुरत नाही आणि वाटून टाकायला जीव होत नाही. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबात जुन्या दवाखान्याची जागा विकून तेवढे पैसे आले. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जन्मभर डॉक्टरकी केलेल्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, नावाने निधी करायचा आणि तो वैद्यकीय शिक्षणासाठी वापरायचा, इथपर्यंत सगळ्यांचं जमलं. पुढे मामा आणि भाची यांचं बिनसलं. मामा मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेले. भाची पीएसएमची, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची एमडी, सध्या सरकारी नोकरीत. मी हिशेबातला माणूस, न्यासपत्राचा मसुदा करायला बोलावलेला. मसुदा बाजूला राहिला आणि दोघांची जुंपली. जे आठवतं ते थोडं छाटून देतो आहे.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी एक निबंध, त्याला घसघशीत बक्षीस. उरलेल्या व्याजातून लायब्ररीला पुस्तकं. अण्णांना दोन्ही आवडलं असतं.

भाची : निबंध? मामा, आमच्या रेसिडेंटांना झोपायला वेळ नाही. त्यातून थीसिस सक्तीचा, पेपर सक्तीचा. त्यात आणखी एक निबंध कोण लिहिणार? आणि लिहिलाच तर तो चॅटजीपीटी लिहील. त्यापेक्षा दोन गरजू मुलींची फी भर. पैसे कुठे गेले ते दिसेल तरी.

मामा : फी भरायला शासनाच्या योजना आहेत, कमी पडतात ते कबूल. पण निबंधाला नाक मुरडू नकोस. हार्वर्डचं बॉयल्स्टन बक्षीस घे, १८०३ सालचं. वॉर्ड निकोलस बॉयल्स्टन नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने ते ठेवलं. दरसाल वैद्यकाचे प्रश्न जाहीर व्हायचे, कुणीही उत्तर लिहून पाठवावं. आणि त्याच माणसाने हार्वर्डला वैद्यकाची पुस्तकंही दिली, त्यातून बॉयल्स्टन मेडिकल लायब्ररी उभी राहिली. बक्षीस आणि ग्रंथालय, दोन्ही एका हातून. मी काही जगावेगळं मागत नाहीये.

भाची : बॉयल्स्टन हे त्याचं जन्माचं नाव तरी होतं का? मी वाचलंय त्याच्याबद्दल. तो जन्मला हॅलोवेल म्हणून. निपुत्रिक मामाची इस्टेट मिळावी म्हणून १७७० मध्ये त्याने नाव बदललं. म्हणजे ज्या नावाने बक्षीस चाललं ते नावच वारसाहक्कात मिळालेलं. मामाचं नाव भाच्याने लावलं.

मामा : (हसून) मग तुला हरकत काय आहे? सोयीचं उदाहरण आहे.

भाची : हरकत हीच, की असले निधी वारलेल्या माणसाच्या नावाची सोय असतात. विद्यार्थ्याचा त्यात नंबर शेवटचा.

या मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूने होतो. आमच्या धंद्यात असे निधी फार बघायला मिळतात. कुणी पन्नास वर्षांपूर्वी दोन हजार रुपये ठेवून सुवर्णपदक लावलं, तेव्हा त्या व्याजात सोनं येत होतं. आता त्या व्याजात पदकाची डबीसुद्धा येत नाही. बऱ्याच विद्यापीठांतलं सुवर्णपदक आज मुलाम्याचं असतं ते याच कारणाने. पंचवीस लाखांना सात टक्के धरले तर वर्षाला पावणेदोन लाख. आज बरे वाटतात. मूळ रकमेत दरवर्षी थोडी भर टाकली नाही, तर भाचीच्या मुलांच्या काळात त्यात एक जाडजूड टेक्स्टबुक येईल की नाही याची शंका आहे. हे मी बोलून दाखवलं. दोघांनीही मान डोलावली आणि पुन्हा भांडायला लागले.

मामा : नावाचं सोड, नियम बघ. निबंधावर लेखकाने नाव घालायचं नाही. एखादं बोधवाक्य किंवा खूण लिहायची. सोबत एक मोहोरबंद पाकीट, त्याच्यावर तीच खूण आणि आत नावपत्ता. निबंध आधी तपासायचे, पाकीट नंतर फोडायचं. शिवाय १८२६ मध्ये बॉयल्स्टन समितीने एक ठराव केला तो मला फार आवडतो. बक्षीस दिलं म्हणजे निबंधातली मतं समितीला मान्य आहेत असं समजू नये. आणि निबंध छापायचा झाला, तर हा ठरावही लेखकाने सोबत छापलाच पाहिजे.

भाची : म्हणजे हात वर करायची सोय.

मामा : उलट आहे. परीक्षकाला स्वतःला न पटणाऱ्या निबंधाला बक्षीस देता यावं याची ती सोय आहे. आपल्याकडे किती ठिकाणी ही मुभा आहे, सांग. गाइडच्या मताविरुद्ध जाणारा थीसिस तुझ्या डिपार्टमेंटमध्ये पास होतो का?

भाचीने यावर उत्तर दिलं नाही. चहाचा कप बाजूला सरकवला आणि दुसरीकडून आली.

भाची : ठीक आहे, पाकीट बंद. पण प्रश्न कोण काढतो? खरी सत्ता तिथे असते. याच बॉयल्स्टनवाल्यांनी १८७६ च्या बक्षिसाला काय विषय दिला होता माहीत आहे ना? बायकांना पाळीच्या दिवसांत मनाची आणि शरीराची विश्रांती लागते का, आणि लागत असली तर किती. समितीत सगळे पुरुष. त्याच्या तीनच वर्षं आधी हार्वर्डच्याच एडवर्ड क्लार्कने पुस्तक लिहून सांगितलं होतं की मुलींना मुलांसारखं शिकवलं तर त्यांची प्रजननसंस्था बिघडते. पाळीच्या वयात रक्त मेंदूकडे गेलं तर गर्भाशयाला कमी पडतं असा एकूण हिशेब. त्या वातावरणात असा प्रश्न काढणं म्हणजे उत्तर आधी ठरवून ठेवणं.

मामा : बरोबर. आता ते बक्षीस कुणाला मिळालं ते सांग.

भाची : मेरी पटनम जेकोबीला. माहीत आहे मला.

मामा : मग पूर्ण सांग की! अर्धं सांगून माझ्यावर काय ढकलतेस? या बाईने एक हजार प्रश्नावल्या छापून बायकांना वाटल्या. २६८ उत्तरं आली. लहानपणी तब्येत कशी होती, शाळा किती झाली, रोज किती चालता, काम कसलं, पाळीत दुखतं का, दुखलं तर काम थांबतं का, असले साधे प्रश्न. त्यांचे तक्ते केले. तेवढ्यावर न थांबता काही बायकांची नाडी महिनाभराच्या वेगवेगळ्या दिवशी आलेखाच्या यंत्रावर मोजली, तापमान घेतलं, लघवीतला युरिया मोजला, हाताचा जोर मोजला. आणि निष्कर्ष काढला की जिचं पोषण धड आहे अशा बाईला पाळीत विश्रांतीची गरज असते असं पाळीच्या प्रकृतीत काहीच नाही. समितीने निबंध पसंत केला, पाकीट फोडलं, आणि आत बाईचं नाव. बॉयल्स्टन मिळवणारी ती पहिली स्त्री.

भाची : हो, आणि नंतर काय झालं? त्याच हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने मुलींना दार उघडलं १९४५ मध्ये. जवळजवळ सत्तर वर्षांनी. बक्षीस दिलं, प्रवेश दिला नाही. पाकिटाने तिला जिंकू दिलं ते ती तिथे नव्हती म्हणून. समोर उभी असती तर?

मामा : समोर उभी असती तर हरली असती. मी तेच म्हणतोय. पाकिटाचा उपयोग तोच.

इथे थोडं थांबून मला एक सांगायचं आहे, कारण दोघांच्या भांडणात ते राहून गेलं. जेकोबीचा निबंध मी नंतर चाळला. १८७७ मध्ये तो न्यूयॉर्कला तिच्या वडिलांनीच काढलेल्या प्रकाशनसंस्थेने पुस्तकरूपाने छापला. वाचायला सोपा नाही. रक्तदाब आणि पोषण यांच्याबद्दलचे तिचे काही सिद्धान्त आज कुणी मानणार नाही. पण तक्ते आजही तपासता येतात. क्लार्कने दवाखान्यात आलेल्या मोजक्या मुलींच्या करुण कहाण्या सांगितल्या होत्या. जेकोबी धडधाकट बायकांकडेही गेली. दवाखान्यात येणारा माणूस आजारीच असतो, त्याच्यावरून गावाची तब्येत ठरवू नये, हे पीएसएमच्या पहिल्या वर्षात शिकवतात. ते तिने एका बक्षिसाच्या निमित्ताने करून दाखवलं.

भाची : जेकोबी अमेरिकेत कुठे शिकली ते बघ. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात, १८६४ ची पदवी. मग पॅरिसला जाऊन १८७१ मध्ये दुसरी. आणि त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून १८८६ मध्ये आपली आनंदीबाई जोशी. बायकांना स्वतंत्र कॉलेज होतं म्हणून या दोघी डॉक्टर झाल्या, मोहोरबंद पाकिटामुळे नाही. आधी दार, मग निबंध. म्हणून मी फी भरा म्हणते.

मामा : आनंदीबाईंचं नाव काढलंस ते बरं केलंस. त्यांचा प्रबंध कशावर होता? प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. बाई १८८७ मध्ये गेल्या, वयाची बावीस वर्षं पुरी झाली नव्हती. दवाखाना चालवायला त्यांना दिवस मिळाले नाहीत. डॉक्टर म्हणून त्यांच्या हातचं जे काही उरलं त्यात तो प्रबंध मोठा. तो आजही आहे, कारण त्या कॉलेजाने आपली कागदपत्रं जपली. कॉलेज विलीन होत होत ड्रेक्सेल विद्यापीठात गेलं, तरी दप्तर सोबत गेलं. आता तुझा थीसिस कुठे आहे?

भाची : माझा? काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत. एक प्रत युनिव्हर्सिटीला, एक गाइडकडे, एक डिपार्टमेंटच्या कपाटावर, एक आईच्या शोकेसमध्ये.

मामा : कपाटात की कपाटावर?

भाची : कपाटावर. कपाटात जागा नाही.

मामा : आणि त्याच्यासाठी तू ज्या घरोघर मुलाखती घेतल्यास, ते फॉर्म?

भाची : (जरा वेळाने) खोली सोडताना रद्दीत दिले.

मामांनी यावर काही बोलू नये एवढा मुरब्बीपणा त्यांच्यात आहे. त्यांनी पुढची सुपारी कातरायला घेतली.

भाची : तरीही मामा, बक्षिसाच्या निबंधांतून मोठं काय निघतं? ऑलिव्हर वेंडेल होम्सचं बघ. १८३६ आणि ३७ या दोन वर्षांत त्याने तीन बॉयल्स्टन बक्षिसं मारली. त्यातलं एक न्यू इंग्लंडमधल्या हिवतापावर. आज ते निबंध कोण वाचतं? त्याचं नाव वैद्यकात राहिलं ते १८४३ च्या सूतिकाज्वराच्या निबंधामुळे. बाळंतिणींना मारणारा तो ताप डॉक्टरच एका घरातून दुसऱ्या घरात नेतात, हे त्याने सेमेलवाइसच्या आधी लिहिलं. त्याला बक्षीस नाही. बोस्टनच्या एका मंडळापुढे वाचला, एका त्रैमासिकात छापला, ते त्रैमासिक वर्षभरात बंद पडलं. फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्जसारखे बडे प्राध्यापक त्याच्यावर तुटून पडले. शेवटी १८५५ मध्ये त्याने तो पुन्हा छापून काढला. म्हणजे बक्षीस मिळालेलं विसरलं गेलं आणि महत्त्वाचं उपेक्षित राहिलं.

मामा : पण तो निबंध त्याने कसा लिहिला ते बघ. स्वतः प्रयोग केले नव्हते. ठिकठिकाणच्या डॉक्टरांचे अनुभव, पत्रं, जुने छापील वृत्तान्त गोळा केले आणि एकापुढे एक रचले. अमुक डॉक्टरच्या हातून ओळीने इतक्या बाळंतिणी गेल्या, शेजारच्या डॉक्टरची एकही नाही. हे तंत्र त्याने कुठे गिरवलं? पॅरिसला डॉक्टर लुईच्या हाताखाली, हे खरंच. पण पुढे हिवतापाच्या निबंधातही त्याने तेच केलं होतं. वसाहतीच्या काळातल्या बखरी धुंडाळल्या, डॉक्टरांना पत्रं लिहिली, ताप कुठे होता आणि कुठे नव्हता याची नोंद केली. डासाचा पत्ता लागायला अजून साठ वर्षं होती. कारण चुकलं तरी नोंद चुकली नाही. आणि पुढे १८७५ मध्ये बोस्टन मेडिकल लायब्ररी निघाली तिचा पहिला अध्यक्ष हाच होम्स. जुन्या नोंदींची किंमत कळलेला माणूस.

भाची : याच होम्सच्या डीनपणात १८५० मध्ये एका बाईला आणि तीन काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला आणि पोरांनी आरडाओरडा केल्यावर बाईला अर्ज मागे घ्यायला लावला, त्या तिघांना काढलं. तेही नोंदीतच आहे ना?

मामा : आहे. म्हणून तर तुला आज त्याच्या तोंडावर मारता आलं.

खरं सांगायचं तर इथपर्यंत मला दोघांचं म्हणणं वर्तमानपत्री चर्चेसारखं वाटत होतं, ज्याचं त्याचं उदाहरण ज्याच्या त्याच्या खिशात. गाडी रुळावर आली ती भाचीने कार्टरचा विषय काढल्यावर, आणि तोही तिने काढला तो मामांना अडकवायला.

भाची : तुझ्या आवडीचं आणखी एक बक्षीस, ॲस्टली कूपर. लंडनच्या गाय्‌ज हॉस्पिटलचं. १८५३ मध्ये ते हेन्री ग्रेला मिळालं, प्लीहेवरच्या प्रबंधासाठी. ‘ग्रेज ॲनाटमी’वाला ग्रे. त्या प्रबंधातली चित्रं काढून देणारा होता हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ग्रेने पुस्तकात त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत. पुढे ‘ॲनाटमी’तली चित्रंही त्याचीच. पाकिटात एकच नाव मावतं, मामा. ज्याने राबून चित्रं काढली त्याचं पाकीट कोण फोडणार?

मामा : कार्टर पुढे कुठे आला?

भाची : मुंबईला. १८५८ मध्ये, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायला.

मामा : आणि तिथून साताऱ्याला सिव्हिल सर्जन. अण्णांच्या गावाला जाणारा रस्ता त्याने पायाखाली घातला असेल. कुष्ठरोग, पायाला गाठी येऊन पू वाहणारा तो मायसेटोमा, याच्यावरचं त्याचं काम आपल्या माणसांवर झालेलं. बरं, अन्याय झाला हे मान्य. पण कूपरच्या मृत्युपत्रातला नियम काय होता ते पुरं वाचलंयस का? प्रबंध मूळ प्रयोगांवर आधारलेला हवा. सोबत जतन केलेले नमुने आणि चित्रं द्यायची. आणि निकाल लागल्यावर ते नमुने, ती चित्रं हॉस्पिटलच्या संग्रहालयात जमा करायची. नुसती वाक्यं पाठवून भागायचं नाही. ज्याच्या जोरावर बोललात तो पुरावा इथे ठेवून जा.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, “हे मला माहीत नव्हतं.” आणि दोन मिनिटांनी, “हे चांगलं आहे.”

भाची : मग आपल्याकडेही असं करता येईल. निबंध शंभर पानांचा नको, पंधरा पानं बस. पण माहिती स्वतः गोळा केलेली पाहिजे. प्रश्नावल्या, मोजमापं, तक्ते, सगळं लायब्ररीत जमा. चॅटजीपीटी वाक्यं करून देईल. धुळीतून फिरून २६८ उत्तरं आणणार नाही. आणि ज्या ज्या माणसाने काम केलं, आशाताईपासून चित्रं काढणाऱ्यापर्यंत, त्याचं नाव पाकिटात. एका पाकिटात दहा नावं मावतात.

मामा : मावतात. म्हणजे लायब्ररी आलीच ना शेवटी?

भाची : लायब्ररी आली, पुस्तकं आली नाहीत. पुस्तकांवर पैसे घालवायला माझा विरोधच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास जर्नलं. सरकारी कॉलेजातल्या पोराला फोनवर मिळतात. तिथे तुझ्या पावणेदोन लाखांत काय येणार?

मामा : ते भाड्याचं घर आहे. करार संपला की किल्ली परत. पण तुझं निम्मं खरं. बाजारात मिळतं ते विकत घ्यायला आपले पैसे नकोतच. जे बाजारात मिळत नाही ते जपायला हवेत. कुठल्याही प्रकाशकाला ज्यात रस नाही असं. म्युनिसिपालिटीचे जुने आरोग्य अहवाल, देवीच्या लसीची मराठी पत्रकं, बंद पडलेल्या मिशन हॉस्पिटलांची रजिस्टरं. माझ्या नोकरीत निर्लेखनाच्या नावाखाली पोत्यांनी गेलेलं पाहिलंय मी. वाळवी लागलेलं एक वेळ समजू शकतो. नुसतं ‘जागा नाही’ म्हणून गेलेलं जास्त. आणि दान देणारा नेहमी पुस्तकांना पैसे देतो, सूचीला देत नाही. भाऊ दाजींचंच बघ. ग्रँट मेडिकलच्या अगदी पहिल्या तुकडीचा डॉक्टर. त्याच्याही आधी काठेवाडातल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेलं. १८७४ मध्ये ते गेले. त्यांनी जमवलेल्या हस्तलिखितांचा संग्रह स्मारक म्हणून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आला. पण त्या हस्तलिखितांची सविस्तर वर्णनात्मक सूची छापून आली ती ह. दा. वेलणकरांची, १९२५ ते ३० मध्ये. अर्धं शतक लोटलं होतं. ग्रंथ कपाटात असून काय आहे ते नेमकं कळायला अर्धं शतक!

या सूचीच्या मुद्द्यावर मी माझ्या कागदावर पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. स्मारकनिधीच्या कागदांत ‘पुस्तक खरेदी’ हे कलम मी शेकडो वेळा घातलं असेल. ‘सूचीकाराचं मानधन’ एकदाही घातलं नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं.

मामांनी मग आतून एक गाठोडं आणलं. अण्णांच्या वह्या. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या, दुकानदार उधारीला वापरतात तसल्या. मी एक उघडली. तारीख, नाव, वय, गाव, तक्रार, दिलेलं औषध, घेतलेले पैसे. पुष्कळ ठिकाणी पैशांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. आणि शेवटचा एक रकाना डॉक्टरने स्वतःच पट्टीने आखलेला : पाणी. ‘नारू, उजवी पोटरी’ या नोंदीसमोर ‘पायऱ्यांची विहीर’. पुढच्या ओळीत दुसरा माणूस, ‘नारू, घोटा’, पुन्हा तीच विहीर. ‘जुलाब, मूल दोन वर्षे’ समोर ‘ओढा’. दवाखान्यात एकटा बसलेला माणूस हे कुणी न सांगता लिहीत होता. भाचीने वही माझ्या हातातून काढून घेतली आणि पुढची पाच-दहा पानं मान वर न करता वाचली.

भाची : हे कधीपासून आहे तुझ्याकडे?

मामा : अण्णा गेल्यापासून. तू कधी विचारलंस?

भाची : नारूचं देशातून निर्मूलन झालं. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात, २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणपत्र दिलं. राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ चा. त्याच्या आधीचा असा विहिरींवार तपशील, एका दवाखान्याचा, सलग... मामा, याच्यावर पेपर होईल.

मामा : आधी सूची होईल.

भाची : आणि हे तू लायब्ररीत ठेवणार? यात नावं आहेत. हे बघ, ‘महारोग’ लाल शाईत, नाव, गाव, वाडीसकट. यांची नातवंडं तिथेच राहतात. उद्या कुणी सोयरीक जुळवताना वही उघडून बघायची.

मामा : नावं झाकून प्रत करायची, वाचकाला ती प्रत. मूळ वह्या कुलपात, ठरावीक वर्षं बंद. हे काम ग्रंथपालाला येतं. पैसे लागतात.

भाची : लागू देत. हे कलम घाला. (माझ्याकडे वळून) फीचं मी सोडलेलं नाही हं. दरसाल एका मुलीची तरी. तिघांत वाटणी करा.

मी वाटणी केली. व्याजातला दशांश मुद्दलात परत, हे आधी. इन्कमटॅक्सच्या नियमात ८५ टक्के त्याच वर्षी खर्ची पडावे लागतात, तेवढं सांभाळून ते बसतं. उरलेल्यात मोठा भाग सूची, बांधणी आणि नोंदी जपण्याला. मग एका मुलीची फी. बक्षिसाची रक्कम मामांच्या मनातल्या आकड्याच्या निम्म्यावर आली आणि ते थोडे हिरमुसले. मी त्यांना सांगितलं की बॉयल्स्टनचं बक्षीस पन्नास डॉलरचं असतानाही लोक लिहीत होते. माझ्या मते तरी निबंध रकमेने येत नाहीत, प्रश्नाने येतात. चांगला प्रश्न कुणी छापून विचारला तर त्याचं उत्तर माहीत असलेला माणूस गप्प बसू शकत नाही.

बक्षिसाला नातेवाइकांना मज्जाव, हे कूपरचं कलम भाचीने स्वतःहून घालायला लावलं. त्याने तिच्या त्या नारूच्या पेपरावर पाणी पडलं हे मामांनी लगेच दाखवून दिलं. “पेपर बाहेर छापीन,” ती म्हणाली, “बक्षीस नको.”

मामा : मग पहिल्या वर्षीचा प्रश्न तू काढ. तक्रार तुझीच होती की सत्ता प्रश्न काढणाऱ्याकडे असते.

भाची : काढते. तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याला पाठवलेल्या अडलेल्या बाईला पोचायला किती वेळ लागतो, आणि तो कुठे कुठे जातो? निदान तीस बायकांची नोंद, त्यांच्या संमतीने. गाडी कधी बोलावली, कधी आली, डिझेल कुणी भरलं, वाटेत किती ठिकाणी ‘पुढे न्या’ म्हणाले, घड्याळ लावून.

मामा : असला प्रश्न छापलास तर सरकारी कॉलेजातला एक परीक्षक मिळायचा नाही तुला.

भाची : परीक्षकांचीही नावं पाकिटात ठेवू.

मामा : आणि पाकीट कधी फोडायचं?

भाची : रिटायर झाल्यावर.

हे कलम कायद्यात बसतं का, ते मी वकिलांना विचारायला पाठवलं आहे.